संन्याशाचे घर

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते. आजच्या नोकरदाराच्या हिशेबाने हे वय प्रॉव्हिडंट फंडाचे आकडे पुन्हा पुन्हा तपासण्याचे, मुलीच्या लग्नाची आणि घराच्या हप्त्यांची तोंडमिळवणी करण्याचे. टिळकांकडे असा हिशेब नव्हताच. पैसा त्यांच्या हातात कधी टिकला नाही आणि टिकावा अशी त्यांची फारशी इच्छाही दिसत नाही. तरीही दरमहा येणारी एक ठराविक रक्कम होती, राहायला जागा होती, समाजात पाळकाचा मान होता. हे सगळे त्यांनी एका निर्णयासरशी बाजूला ठेवले, आपण ख्रिस्ती संन्यासी झालो असे जाहीर केले आणि ते नगरहून साताऱ्याला गेले.

मराठी वाचकाला टिळक ठाऊक असतात ते शाळेच्या पुस्तकांतून. ‘केवढे हे क्रौर्य’मधला जखमी पक्षी किंवा ‘वनवासी फूल’ एवढ्यावर आपली ओळख संपते. फुलांचे आणि मुलांचे कवी असा एक गोड शिक्का त्यांच्यावर बसला आहे. तो खोटा नाही. पण त्या शिक्क्याखाली एक अत्यंत अस्वस्थ माणूस झाकला गेला. या माणसाने आयुष्यात दोनदा सर्वस्व सोडले. पहिल्या वेळी धर्मांतर करताना सोडले, हे सर्वांना माहीत असते. दुसऱ्या वेळी, ख्रिस्ती होऊन बावीस वर्षे लोटल्यावर सोडले. माझ्या मते हे दुसरे सोडणे अधिक अवघड आणि अधिक विचार करण्याजोगे आहे.

पहिली कथा थोडक्यात सांगतो. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेला हा कोकणस्थ ब्राह्मण नोकरीच्या निमित्ताने राजनांदगावला निघाला होता. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी बोलणे झाले. त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक गेले, मित्र गेले. पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या काळातल्या सुशिक्षित ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. जिवंत माणसाच्या नावाने घरात सुतक पाळले जावे, अशी ती गोष्ट होती.

एवढे गमावून टिळक नगरला आले ते अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत. हे मिशन मुंबईत १८१३ पासून आणि नगरमध्ये १८३१ पासून काम करीत होते. शाळा, दवाखाने, छापखाना, पाळक तयार करणारे विद्यालय, ‘ज्ञानोदय’सारखे १८४२ पासून चालत आलेले नियतकालिक असा त्याचा मोठा पसारा होता. मिशनचे कंपाउंड म्हणजे गावात वसलेले दुसरे गावच. मध्ये साहेबाचा बंगला, बाजूला शिक्षकांची आणि उपदेशकांची घरे, घंटा, उपासना, शाळा. नव्याने ख्रिस्ती झालेल्याला गावाने टाकलेले असे. त्याला हे कंपाउंड आधार देई. पण आधाराबरोबर एक उतरंडही येई. वर परदेशातून येणारा पैसा आणि तो वाटणारे मिशनरी, खाली पगारी देशी उपदेशक. बदल्या, बढत्या, शिफारशी, रुसवेफुगवे हे सगळे तिथेही होते. परमेश्वराच्या सेवेचेही मस्टर असू शकते, हे टिळकांनी दोन दशके पाहिले. विद्यालयात शिकवले, ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळली, भजने आणि पदे रचली, आणि आतल्या आत त्यांना काहीतरी खुपत राहिले.

काय खुपत होते? एक गोष्ट उघड होती. मराठी मुलखात साधूला पगार नसतो. ज्याला बोलण्याचे पैसे मिळतात, त्याचे बोलणे लोक ऐकतात; पण मनावर घेत नाहीत. बाजारात उभा राहून ख्रिस्ताचा त्याग सांगणारा उपदेशक संध्याकाळी पगारपत्रकावर सही करतो, हे ऐकणाऱ्याला दिसत असते. ‘पोटासाठी बाटले’ हा शब्द त्या काळी नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने कधी ना कधी ऐकला असेल. दुष्काळामागून दुष्काळ पडत होते आणि गावकुसाबाहेरच्या पुष्कळ कुटुंबांनी त्याच वर्षांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही खरे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या पोटात अन्न नाही, अंगावर वस्त्र नाही आणि ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, त्याने भाकरीसाठी आणि माणुसकीसाठी एखादा धर्म जवळ केला तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. त्याला ‘ऐहिक सुखाच्या मागे लागलेला’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. जगाचा मोह सोडण्याचा उपदेश पोट भरलेल्यांना करायचा असतो. येशूने केला तोही त्यांनाच. पीक उदंड आले म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मरण पावलेल्या शेतकऱ्याचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात येतो. तो उपाशी माणसाचा दाखला नाही. बायबलच्या जुन्या करारात ‘उपदेशक’ नावाचे एक विलक्षण पुस्तक आहे. त्याचा निवेदक राजा आहे. त्याने वाडे बांधले, बागा लावल्या, दासदासी, सोने, गायक-गायिका सर्व जमवले आणि मग एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. मराठी भाषांतरात तो ‘व्यर्थ’ असा आला आहे. मूळ हिब्रू शब्द ‘हेबेल’, म्हणजे श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते आणि दिसते न दिसते तोच विरून जाते ती वाफ. सगळे उपभोगून झाल्यावर काढलेला हा उद्गार आहे, म्हणून त्याला वजन आहे.

टिळकांनी काही असे वाडे बांधले नव्हते. मग त्यांना सोडण्यासारखे काय होते? मला वाटते, त्यांना सोडायची होती ती सुरक्षितता. आपला देव आणि आपला पगार एकाच पाकिटातून येतात, ही गोष्ट त्यांना सहन होईना. ‘देवाचा दरबार’ या नावाने साताऱ्याला त्यांनी जे मांडले, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळेच अनुयायी एकत्र यावेत, अशी कल्पना होती. मिशनचे रजिस्टर नाही, परदेशी पैसा नाही. कीर्तन, भजन, आश्रम, एकतारीच्या साथीने होणारी उपासना. त्या काळच्या मिशनऱ्यांपैकी काहींना हे भलतेच धाडस वाटले असेल, आणि ते होतेही. या मार्गाने त्यांना अरण्यात जायचे नव्हते. संन्यास म्हणजे लोकांपासून दूर जाणे नव्हे, तर लोकांच्या अधिक उपयोगी पडण्यासाठी मोकळे होणे, असा त्यांचा अर्थ होता. ‘ज्ञानोदय’चे संपादन त्यांनी यानंतरही चालू ठेवले, ते याच अर्थाने.

हे मराठी मातीतच सुचू शकले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत येऊन पोहोचलो, असे टिळक सांगत. आणि तुकाराम म्हटले की इंद्रायणी आठवते. घरची सावकारी होती, लोकांकडून यायच्या रकमांची खते होती. भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते नदीत बुडवली, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाने मिशनचा पगार सोडणे आणि सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याने खते बुडवणे, या दोन कृतींचे नाते रक्ताचे आहे.

पण इंद्रायणीची गोष्ट सांगताना आपण जिजाईला विसरतो. खते नदीत गेली तेव्हा घरात चूल होती, मुले होती. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणारी, पायात काटा मोडला म्हणून विठोबाला बोल लावणारी जिजाई कथेकऱ्यांनी कजाग ठरवून टाकली. तिच्या बाजूने विचार करायला आपल्याला फार उशीर लागला. संत होणे हा एकाचा निर्णय असतो. त्याची किंमत मात्र सगळे घर भरते. जगातली ‘पोकळ’ धावपळ सोडून शाश्वताकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हा प्रश्न विचारला पाहिजे: तू सोडलेस ते ठीक, पण उद्याचे पीठ कोण आणणार आहे?

हा प्रश्न ज्या मराठी ख्रिस्ती स्त्रीला सर्वांत आधी आणि सर्वांत भीषण रूपात भेटला, ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या वडिलांची, अनंतशास्त्री डोंगरे यांची कथा एखाद्या पुराणासारखी वाटते. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल लोकापवाद सोसलेला हा विद्वान गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिला, आणि नंतर बायकामुलांसह तीर्थयात्रेला निघाला. देवळादेवळांतून पुराणे सांगायची, जे मिळेल ते दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात खर्चून टाकायचे. मुलांना पोटापाण्याची कोणतीही विद्या शिकवली नाही, कारण ती ऐहिक विद्या. १८७० नंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ विकायला भांडीकुंडी होती. ती संपल्यावर काही उरले नाही. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, मग आई गेली, बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, तो इतिहास पुष्कळांना माहीत आहे. तिने त्याआधी काय पाहिले होते, ते मात्र आपण सहसा सांगत नाही. धर्मासाठी सर्वस्व उधळून टाकणारे आईबाप आणि त्यापायी झालेली उपासमार तिने पाहिली होती.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला ख्रिस्ती झाल्या. त्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला एक विचित्र जाणीव झाली, असे त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नाही, अशी ती जाणीव होती. बुद्धीला पटले म्हणून स्वीकारले. आत मात्र रिकामेपण तसेच. ही कबुली फार धीराची आहे. तोवर त्यांचे नाव तीन खंडांत झाले होते. अमेरिकेत व्याख्याने गाजली होती, ‘हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ साली निघाले होते, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते. यशाच्या अशा शिखरावर उभे राहून ‘मला हवे ते अजून मिळालेले नाही’ असे स्वतःशी मान्य करणे पगार सोडण्याइतकेच अवघड असते.

आणि मग त्या जाणिवेतून रमाबाईंनी काय केले? पुण्याजवळ केडगावला शेतजमीन घेतली आणि विहिरी खणल्या! वडिलांसारख्या त्या तीर्थाटनाला गेल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून अनाथ मुली, विधवा, टाकलेल्या बायका शेकड्यांनी केडगावला आणल्या. मुक्ती सदनात एके काळी दोन हजारांच्या आसपास माणसे जेवत होती. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल आणि वेतकाम. निश्चित उत्पन्नाची हमी रमाबाईंनीही ठेवली नाही. जे येईल ते देवाकडून येईल, या भरवशावर संस्था चालली. पण रोज सकाळी धान्याच्या कोठीचा हिशेब त्या स्वतः बघत असल्या पाहिजेत, याविषयी मला शंका नाही. उपाशी मेलेल्या आईबापांच्या मुलीला श्रद्धा आणि कोठी या दोन परस्परविरोधी गोष्टी वाटणे शक्यच नव्हते. लूकच्या दाखल्यातल्या शेतकऱ्याने कोठारे बांधली ती स्वतःसाठी. रमाबाईंनी बांधली ती दुसऱ्यांसाठी. फरक कोठारात नव्हताच.

शेवटची पंधरा-सतरा वर्षे त्या एका कामात बुडून गेल्या होत्या. बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत भाषांतर. सदनातल्या साध्या बायकांना समजेल अशा भाषेत ते हवे, हा आग्रह. त्यासाठी पन्नाशीच्या घरात दोन प्राचीन भाषांचा अभ्यास, आणि छपाई सदनाच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातांनी. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचे काम आजही चालू आहे.

टिळकांच्या दरबाराला असे आयुष्य लाभले नाही. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि तो प्रयोग विसकटला. संस्था बांधण्याचा पिंड त्यांचा नव्हता. मात्र बीज अगदीच वाया गेले असे नाही. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ साली त्यांचे चरित्र लिहिले. आणि त्याच विन्स्लोने ख्रिस्त सेवा संघ काढून भारतीय पद्धतीच्या आश्रमाचा प्रयोग पुण्यात पुढे नेला. १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण त्या संघात दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आला. त्याचे नाव व्हेरियर एल्विन. पुढे तो चर्च सोडून आदिवासींमध्ये राहायला गेला, ती आणखी वेगळी गोष्ट. असो.

आज या सगळ्याचे काय? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत डोकावले तर तीच घडी दिसते जी इतर मध्यमवर्गीय घरांत दिसते. अहमदनगर आता अहिल्यानगर झाले. तिथल्या, जालन्याच्या, मिरजेच्या मिशन कंपाउंडांत ज्यांच्या आजोबा-आजींनी शिक्षकी आणि नर्सिंग केले, त्यांची नातवंडे पुण्यात कॉम्प्युटरवर किंवा आखातात कामाला आहेत. यात वाईट काही नाही. मागच्या पिढ्यांनी हाल काढले ते मुलांनी बरे दिवस पाहावेत म्हणूनच. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मिशनरी निघून गेले आणि मागे जमिनी राहिल्या, ऐन शहरातल्या, सोन्याच्या भावाच्या. त्या जमिनींवरून मंडळ्यांमध्ये तट पडले, विश्वस्तांनी विश्वस्तांवर दावे लावले, उपासनेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर स्टे ऑर्डरची चर्चा चालते. ज्या कंपाउंडमधून टिळक उठून बाहेर पडले, त्याच तऱ्हेच्या कंपाउंडचा सातबारा आज भांडणाचा विषय आहे. यापेक्षा बोचरा उपरोध कोणा कादंबरीकाराला सुचला नसता.

वसईची तऱ्हा थोडी निराळी. तिथला ख्रिस्ती समाज पोर्तुगीज काळापासूनचा, कॅथलिक, आणि मुळात शेतकरी. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला. विहिरीचे गोडे पाणी आणि वाडी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई विरारपर्यंत येऊन धडकली आणि वाडीच्या गुंठ्याला असा भाव आला की पिढ्यान्‌पिढ्या रहाट ओढणाऱ्यांचे डोळे दिपले. विकावे की राखावे, हा प्रश्न प्रत्येक घरातल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. त्या वेळी एका धर्मगुरूने वेदीवरून आणि रस्त्यावरून तो प्रश्न सोडला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, बिल्डरांचा आणि टँकरवाल्यांचा रोष ओढवून घेतला. धर्मगुरूने प्रार्थना करावी, टँकरच्या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्या समाजाचे पाणीच विकले जात आहे, त्याला आत्म्याच्या तहानेवर प्रवचन देणे फादरांना जमण्यासारखे नव्हते. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन, ‘सुबोध बायबल’, त्याला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे सर्व पुढे आले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. वसईतल्या पुष्कळ वाड्या त्याआधीच गेल्या होत्या. काही मात्र अजून उभ्या आहेत, आणि त्यांतल्या विहिरींना पाणी आहे.

राहिला तो घराचा प्रश्न. टिळकांनी पगार सोडला, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. अर्थात त्यांना सवय होती. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही मुलगी लहरी नवऱ्यामागे गावोगाव फिरली. तो नोकऱ्या धरी आणि सोडी. घरात पाहुणे, पोरके मुलगे-मुली, कवी यांची वर्दळ असे. बालकवी ठोमरेही नगरला त्यांच्याच घरी राहून गेले. एवढ्या माणसांचे पान वाढायचे ते लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा जगाने त्यांना जिवंत विधवा करून टाकले होते. मग त्या परत आल्या, नगरला काही काळ आपले सोवळे सांभाळून वेगळी चूल मांडून राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने ओढून नेले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला आणि मग पाऊल टाकले.

टिळकांच्या मागे त्या सतरा वर्षे जगल्या. या काळातच त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून चार भागांत ती प्रसिद्ध झाली, आणि मराठी गद्यात असा दुसरा ग्रंथ नाही असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. संत नवऱ्याच्या बायकोची जी बाजू जिजाईला मांडता आली नाही, ती या पुस्तकात आहे. आणि नवल म्हणजे तिच्यात कडवटपणाचा टिपूस नाही. टिळकांचा संताप, भाबडेपणा, उधळेपणा, त्यांनी दिलेला त्रास काही म्हणून लपवलेले नाही. तरीही वाचणारा टिळकांच्या प्रेमात पडतो, कारण लिहिणारी पडलेली आहे. भक्त चरित्रकाराला न साधलेली गोष्ट एका स्वयंपाकघरातल्या बाईला साधली. मी तरी टिळकांच्या संन्यासाचा खरेपणा त्यांच्या भजनांवरून ठरवत नाही. ज्या बाईने त्याची झळ सोसली, तिने तो पोकळ म्हटलेला नाही. माझ्या लेखी ही साक्ष सर्वांत मोठी आहे. मात्र या साक्षीचा आधार घेऊन उद्या कोणी घरच्यांना न विचारता पगार सोडायला निघाला, तर त्याने हे पुस्तक नीट वाचले नाही, असेच म्हणावे लागेल.

टिळकांनी मरताना एक काम अपुरे ठेवले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगायचे, ‘ख्रिस्तायन’. थोडे अध्याय त्यांच्या हातून झाले आणि मृत्यू आला. नवऱ्याने सोडलेल्या नोकऱ्या, टाकून दिलेले पैसे, अर्धवट राहिलेले दरबार आयुष्यभर सावरत आलेल्या लक्ष्मीबाईंनी हेही काम उचलले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोवर त्यांनी ‘ख्रिस्तायना’चे आणखी चौसष्ट अध्याय लिहून संपवले होते.